वय झालं म्हणण्याआधी

रक्तातलं क्रिएटिनिन १.१. तेलंगणातल्या आदिलाबादच्या एखाद्या लॅबमधून हा आकडा छापून आला, तर शेजारी नॉर्मलची मर्यादा दिलेली असते आणि १.१ बहुधा त्या मर्यादेतच बसतो. कागदाची घडी होऊन तो खिशात जातो. आता हाच आकडा दोन माणसांना लावून पाहा. माणूस कापसाच्या गाठी उचलणारा तीस वर्षांचा हमाल असेल, तर सध्या बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या सीकेडी-ईपीआय सूत्राच्या २०२१ च्या आवृत्तीप्रमाणे त्याच्या मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग, म्हणजे जीएफआर, मिनिटाला सुमारे ९३ मिलीलिटर निघतो. सत्तर वर्षांची आजी असेल, तर सुमारे ५४. हमालाचं काही बिघडलेलं नाही. आजी मात्र, हा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला तर, आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या तिसऱ्या टप्प्यात मोडते. किंवा तिचंही काही बिघडलेलं नसेल, नुसतं वय झालं असेल. या ‘किंवा’चा उलगडा करणं हे या अभ्यासक्षेत्राचं काम, आणि त्यात पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे.

येणारे कोणीही असोत, स्वागत आहे. नर्सिंगची विद्यार्थिनी असेल, बेला किंवा जैनथ मंडलातली आशा कार्यकर्ती असेल, किंवा ज्याच्या घरात बाबा हल्ली लवकर दमतात असा एखादा मुलगा असेल. या विषयात शिरायला पदवी लागत नाही. साधं गणित, थोडा संशय आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे नीट पाहण्याची सवय एवढ्यावर बरंच अंतर कापता येतं. उलट पदवी असलेल्यांनाच काही गोष्टी विसराव्या लागतात. क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे किडनी नॉर्मल, ही त्यातली पहिली.

वयाबरोबर मूत्रपिंडाचं काम मंदावतं हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं विसाव्या शतकाच्या मध्याला. डेव्हिस आणि शॉक या अमेरिकी संशोधकांनी १९५० साली वेगवेगळ्या वयांच्या पुरुषांत गाळण्याचा वेग मोजला आणि तिशीपासून नव्वदीपर्यंत तो उतरत गेलेला दाखवला. पण त्यांनी एका माणसाला म्हातारा होताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तरुण आणि म्हातारे शेजारी शेजारी ठेवून तुलना केली होती. खरा प्रश्न विचारला तो बाल्टिमोरच्या दीर्घ अभ्यासाने. त्यात त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा बोलावून तपासलं गेलं. १९८५ साली लिंडमन आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष मांडले: सरासरीने हा वेग वर्षाला पाऊण मिलीलिटरने उतरत होता, पण सुमारे एकतृतीयांश लोकांत तो उतरलाच नाही. या क्षेत्रातलं मला सर्वांत आवडणारं वाक्य हेच. वय वाढलं की किडनी उतरणारच, असं समजून चालणाऱ्या प्रत्येकाने ही एकतृतीयांश माणसं लक्षात ठेवावीत.

मग वय नेमकं करतं काय? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनी एक चतुर वाट शोधली. जिवंतपणी मूत्रपिंड दान करणारे लोक कसून तपासलेले, निरोगी असतात, आणि प्रत्यारोपणाच्या वेळी त्या मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत तिशीच्या आतल्या दात्यांपैकी २.७ टक्क्यांतच मूत्रपिंडात वण पडल्याच्या खुणा होत्या. सत्तरी ओलांडलेल्यांत त्या ७३ टक्क्यांत होत्या. २०१७ साली त्यांनी शाबूत नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या, मोजले. अठरा ते एकोणतीस वयात एका मूत्रपिंडात सुमारे ९ लाख ९० हजार, आणि सत्तरीच्या सुरुवातीला सुमारे ५ लाख २० हजार. म्हणजे जवळजवळ निम्मे गेले, आणि ही माणसं तरीही दाता व्हायला लायक होती. त्यांच्या लघवीत प्रथिन गळत नव्हतं. पनामाच्या बेटांवर राहणाऱ्या कुना लोकांचा रक्तदाब वयाबरोबर वाढत नाही, तरी त्यांच्याही मूत्रपिंडाचं काम वयाबरोबर उतरतं, असं हॉलनबर्ग यांनी १९९९ साली दाखवलं. तेव्हा सगळा दोष रक्तदाबावर किंवा शहरी जगण्यावरही टाकता येत नाही. वयाचा स्वतःचा वाटा आहे, पण त्याची एक ढब आहे. तो सावकाश येतो, गळती करत नाही, आणि मूत्रपिंडाची बाकीची कामं बहुतेक शाबूत ठेवतो: रक्त तयार करायला लावणारं एरिथ्रोपोएटिन स्रवणं, फॉस्फरस बाहेर टाकणं, शरीरातलं आम्ल सांभाळणं.

यावरूनच या क्षेत्रातलं सर्वांत मोठं भांडण पेटलं. २००२ साली अमेरिकेत ठरलेली आणि २०१२ साली केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाने विस्तारलेली व्याख्या साधी आहे: जीएफआर ६० च्या खाली किंवा मूत्रपिंडाला इजा झाल्याची खूण, यांपैकी काहीही तीन महिन्यांहून जास्त टिकलं तर तो दीर्घकालीन विकार. वयाची अट नाही. डेलाने, ग्लासॉक, रूल वगैरे मंडळी म्हणाली, हे चूक आहे. ऐंशी वर्षांच्या, लघवी स्वच्छ असलेल्या, ठणठणीत माणसाला ५२ वर आजारी ठरवून काय साधतं? २०१९ साली त्यांनी पासष्टीनंतर ही रेघ ४५ वर आणावी आणि चाळिशीच्या आत ७५ वर न्यावी असं सुचवलं. समोरच्यांचं उत्तरही वजनदार होतं. २०१२ साली वीस लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा कमी जीएफआर असलेल्या वृद्धांतही मृत्यूचा आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढलेलाच दिसला. केडिगोने २०२४ साली नवे निर्देश काढले, पण ६० ची रेघ हलवली नाही. माझा कल पहिल्या गटाकडे आहे, निदान तरुणांच्या बाबतीत तरी. तीस वर्षांच्या शेतमजुराचा ७० हा आकडा मला ऐंशी वर्षांच्या निवृत्त मास्तरांच्या ५२ पेक्षा जास्त काळजीचा वाटतो.

पण हे भांडण जिथे झालं तिथे चिंता अशी होती की धडधाकट म्हाताऱ्यांना उगाच रोगी ठरवलं जातंय. पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबादच्या बाजूला, चित्र उलटं आहे. इथे रोगाला वय म्हटलं जातं. भारतातल्या मूत्रपिंडरोग्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा अहवाल २०१२ साली आला. त्यात पन्नास हजारांहून जास्त रुग्ण होते, त्यांचं सरासरी वय पन्नासच होतं, आणि जवळजवळ निम्मे पहिल्यांदा आले तेव्हाच पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात होते. कारण न सापडलेले सोळा टक्के. पन्नाशी म्हणजे शहरात नोकरीची ऐन उमेद. इंद्रवेल्ली-उटनूरच्या डोंगरपट्ट्यात मात्र पन्नाशीच्या बाईला नातवंडं असतात, तिचे दात पडलेले असतात, आणि तिने ‘आता वय झालं नं’ म्हटलं तर कोणी प्रतिवाद करत नाही. तेलंगणा सरकारनेही वृद्ध पेन्शनची अट ६५ वरून ५७ वर आणली. म्हणजे म्हातारपण इथे कागदोपत्रीही लवकर सुरू होतं.

वयाचा कागद हा तर इथला वेगळाच पेच. जीएफआरच्या प्रत्येक प्रचलित सूत्रात वय घालावं लागतं, आणि आदिलाबादमध्ये जुन्या पिढीतल्या किती जणांना ते ठाऊक असतं? आधार कार्डावर एक जानेवारीला जन्मलेल्यांची रांग लागलेली असते. त्यापेक्षा भरवशाची जुनी रीत घटनांची आहे. जोडेघाटला गोंड पुढारी कुमराम भीम मारला गेला ते १९४०, हैदराबादची पोलिस ॲक्शन सप्टेंबर १९४८, राजुरा आणि किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून सुटले ते १९५६, इंद्रवेल्लीचा गोळीबार एप्रिल १९८१. त्यावेळी तुम्ही केवढे होता, गुरं राखत होता की लग्न झालं होतं, असं विचारत गेलं की वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने हाती लागतं. आणि थोडा दिलासा असा की सूत्रात वय दहा वर्षांनी चुकलं तरी उत्तर सहा टक्क्यांच्या आसपासच हलतं. साठ वर्षांच्या आजीला सत्तर लिहिलं म्हणून ५७ चे ५४ होतील. वयाच्या चुकीने झोप उडवून घेऊ नये.

झोप उडवावी ती स्नायूंनी. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. आयुष्यभर एक वेळ ज्वारीची भाकरी आणि पातळ डाळ खाल्लेल्या, चाळीस किलोच्या बाईच्या अंगात स्नायूच थोडे, त्यामुळे तिचं क्रिएटिनिन मुळातच ०.६ किंवा ०.७. ते १.१ झालं तेव्हा तिची निम्मी गाळणशक्ती गेलेली असू शकते, आणि लॅबचा कागद नॉर्मलच म्हणत राहतो. सुरुवातीला सांगितलेले ५४ देखील तिच्यापुरते फुगलेले असण्याची शक्यता आहे. कारण ही सूत्रं मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या, जास्त मांसल आणि जास्त मांस खाणाऱ्या माणसांवर बेतलेली आहेत. सिस्टॅटिन सी नावाची तपासणी स्नायूंवर एवढी अवलंबून नसते आणि केडिगोही ती सुचवतो, पण ती महाग आहे. तोवर हातातला उपाय एकच: एका आकड्यावर भरवसा न ठेवता त्याच माणसाचे जुने आकडे शोधणं.

लक्षणांकडे वळू या. बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात, आणि बहुतेकांची वाट इथेच चुकते. रात्री लघवीला उठणं घ्या. म्हातारपणी मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते, पुरुषांत प्रोस्टेट वाढतं, झोपही हलकी होते. तेव्हा एक-दोनदा उठणं वयात बसतं. मूत्रपिंडाचा विकार सुरू झाला की हीच ताकद आधी जाते, त्यामुळे तोही रात्री उठवतो. हे लक्षण दोघांनाही सामाईक, म्हणून त्याच्यावर एकट्यावर काहीही ठरवू नये. थकव्याचं तसंच. जीएफआर तीसच्या वर असेपर्यंत विकार बहुधा गप्पच असतो. थकवा, भूक मरणं, तोंडाला विचित्र चव, अंगाला खाज, पहाटे पायात गोळे येणं ही सगळी उशिरा येणारी मंडळी आहेत.

तरी काही गोष्टी वयाच्या खात्यावर कधीच टाकू नयेत. एक म्हणजे रक्त कमी होणं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा बायकांसाठी १२ आणि पुरुषांसाठी १३ ग्रॅम आहे, तिथे वृद्धांसाठी वेगळी सवलत नाही. हिमोग्लोबिन नऊवर आलेल्या आजीला ‘या वयात असंच असतं’ म्हणणं हा गुन्हा नसला तरी आळस नक्की आहे. लोह कमी असेल, जंत असतील, किंवा मूत्रपिंड आपलं एरिथ्रोपोएटिन कमी पाठवत असेल. कारण शोधायलाच हवं. दुसरी गोष्ट लघवीचा फेस, जो पाणी टाकलं तरी बसत नाही. तिसरी, सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती दिसणारी सूज. पायाची सूज मात्र फसवी. हृदय, रक्तवाहिन्या, ब्लडप्रेशरच्या अम्लोडिपिनसारख्या गोळ्या, नुसतं दिवसभर पाय खाली सोडून बसणं, सगळ्यांनी ती येते. आणि चौथी गोष्ट वेग. म्हातारपण वर्षांच्या हिशेबाने येतं. दिवाळीपर्यंत शेतात जाणारी माणसं होळीला ओट्यावरून उठत नसतील, तर ते वय नव्हे.

आदिलाबादमध्ये या सगळ्यावर आणखी एक थर आहे, आणि त्याचा उल्लेख मूत्रपिंडावरच्या पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात वृद्धत्वाच्या प्रकरणात सापडणार नाही. गोंड, कोलाम, परधान समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं जनुक आढळतं. मध्य भारतात ते आहे हे नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ साली लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं. जुलै २०२३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तोवर पाच-साडेपाच तपं उलटली होती. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाचा आतला भाग लहान वयातच मार खातो. लघवी घट्ट होत नाही, कधी तीतून रक्त जातं. नुसत्या वाहकांतही लघवी घट्ट करण्याची ताकद कमी असू शकते. म्हणजे सत्तरीत अपेक्षित असलेलं रात्रीचं उठणं इथे पंचविशीत सुरू होतं. शिवाय सिकलसेलच्या तरुण रुग्णांची मूत्रपिंडं सुरुवातीला नेहमीपेक्षा जास्त वेगाने गाळतात आणि स्नायू कमी असतात, त्यामुळे क्रिएटिनिन छान दिसतं आणि बराच काळ छानच दिसत राहतं. उटनूर भागातल्या तरुणाची लघवी तपासताना सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हा पहिला प्रश्न असायला हवा.

ऊन आणि औषधं यांबद्दल थोडक्यात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना तेंदूपत्ता तोडणारं शरीर पाण्याला मोताद होतं. म्हाताऱ्या मूत्रपिंडाला पाणी आणि मीठ धरून ठेवणं आधीच कठीण असतं. त्यात संध्याकाळी कंबर दुखते म्हणून गावातल्या आरएमपीकडून, म्हणजे पदवी नसलेल्या डॉक्टरकडून, डायक्लोफेनॅकची सुई घेतली, की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटतो. एकदा घडलं तर मूत्रपिंड सावरतं. दर हंगामात घडत राहिलं तर काय होतं याचा अंदाज मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांकडे आणि आपल्या शेजारच्या आंध्रात, श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानमकडे पाहून बांधता येतो. नारळ-काजूच्या त्या पट्ट्यात मधुमेह नसलेल्या शेतकऱ्यांची मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत, आणि कारणाबद्दल अजून एकमत नाही. उद्दानमचं नाव घेतलं की आदिलाबादचीही तीच गत आहे असं म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. आपल्याकडे काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे हे खरं, आणि ताठरलेली पाठ व वाकलेले गुडघे हे म्हातारपण समजून सोडून दिले जातात हेही खरं. दुबळं मूत्रपिंड फ्लोराइड बाहेर टाकायला कमी पडतं, त्यामुळे हाडांचं दुखणं वाढतं. पण यावरून फ्लोराइडने मूत्रपिंड बिघडवलं असा उलटा निष्कर्ष काढायला जास्त पुरावा लागतो.

तर फरक करायचा कसा? लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली वाट दाखवून ठेवली आहे. ते रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली, की मूत्रपिंडातून प्रथिन गळतंय हे कळे. आज चमच्याच्या जागी पट्टी आहे, आणि त्याहून चांगली तपासणी म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. ग्रॅममागे ३० मिलीग्रॅमच्या वर ते टिकून राहिलं तर कोणत्याही वयात ते वयाचं नसतं. लघवी सकाळची पहिली द्यावी. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशी अंगमेहनत झाली असेल तर थांबावं. दोन्ही तपासण्या, रक्ताची आणि लघवीची, तीन महिन्यांनी पुन्हा कराव्यात, आणि शक्य तर वर्षाने आणखी एकदा. ७५ वर्षांच्या बाबांचा आकडा ५५, ५४, ५४ असा जात असेल, लघवी स्वच्छ आणि हिमोग्लोबिन तेरा असेल, तर त्यांना पथ्याच्या लांबलचक याद्या देऊ नयेत. दुखण्याच्या गोळ्या टाळा, उन्हाळ्यात आणि जुलाब झाल्यावर पाणी कमी पडू देऊ नका, कुठलंही नवं औषध घेताना हा आकडा डॉक्टरांना सांगा, एवढं पुरे. आकडा ७०, ६२, ५५ असा घसरत असेल, तर वय साठ असो वा ऐंशी, मूत्रपिंडतज्ज्ञ गाठायलाच हवा. दोघांचाही आकडा आज ५५ च्या आसपास आहे.

हा उतार पाहण्यासाठी जुने कागद लागतात, आणि सीमेवरच्या जिल्ह्यात नेमके तेच हरवतात. बेला किंवा जैनथचा मराठी माणूस आज आदिलाबादच्या रिम्समध्ये जातो, पुढच्या वेळी पाहुण्यांच्या ओळखीने यवतमाळला, मग नागपूर किंवा सेवाग्रामला, आणि अगदी टोकाला तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादला. घरी तो मराठी किंवा गोंडी बोलतो, डॉक्टर तेलुगू बोलतात आणि रिपोर्ट इंग्रजीत येतो. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून तपासणी. तेलंगणाची आरोग्यश्री योजना नदीच्या अलीकडे, महाराष्ट्राची योजना पलीकडे. तेलंगणाने २०२२ साली डायलिसिसच्या रुग्णांना पेन्शन सुरू केली ती चांगलीच गोष्ट आहे, पण ती मिळायला आधी डायलिसिसपर्यंत पोचावं लागतं. त्याच्या दहा वर्षं आधी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनपूर्वी किंवा बाळंतपणात केलेल्या एखाद्या रक्ततपासणीचा कागद पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या कागदांशेजारी पडलेला असतो. त्यावरचं क्रिएटिनिन बहुधा ०.६ असतं, आणि कोणीही ते पाहिलेलं नसतं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने कुठल्याही घरात गेल्यावर आधी ती पेटी उघडायला सांगावी, आणि मिळालेले आकडे तारखेसकट एका कागदावर ओळीने लिहून रुग्णाच्याच हातात द्यावेत. पुढचा डॉक्टर नदीच्या कुठल्या बाजूचा असेल ते आधी ठाऊक नसतं.